एकाच डोंगरातल्या दोन नद्या

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अगदी आग्नेय कोपऱ्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत दोन खोरी शेजारी शेजारी आहेत. एक एल्क नदीचे, दुसरे फ्लॅटहेडचे. दोन्हींच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि दोन्हींचे पाणी पुढे सीमा ओलांडून अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जाते. एल्कच्या खोऱ्यात शंभराहून अधिक वर्षे कोळसा निघतो आहे. फ्लॅटहेडच्या खोऱ्यात खाणीचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले, पण खाण झाली नाही. आज या दोन नद्यांची अवस्था पाहिली, की वेळेवर दिलेल्या नकाराची किंमत कळते.

आधी एल्क. इथला कोळसा पोलाद कारखान्यांसाठी लागतो आणि बराचसा आशियात जातो. तो काढण्यासाठी डोंगरच्या डोंगर फोडले जातात आणि निरुपयोगी दगड दऱ्यांत ओतला जातो. चंद्रपूरकडच्या वाचकांना कोळसा खाणींभोवतीचे असे ढिगारे नवे नाहीत. दगड अखंड असतो तोवर त्यातले सेलेनियम आतच राहते. त्याचा चुरा झाला, त्याला हवा आणि पावसाचे पाणी लागले, की ते विरघळून ओढ्यात उतरू लागते. माणसाला सेलेनियम अत्यल्प प्रमाणात लागतेच. पण पाण्यात ते वाढले की शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत साठत जाते, आणि खरा घाव बसतो तो माशांच्या अंड्यांवर. पिल्ले व्यंग घेऊन निपजतात किंवा जगतच नाहीत. पाणी मात्र दिसायला नितळ असते, म्हणूनच हे प्रदूषण जास्त घातक. खाणकाम उद्या थांबवले तरी ढिगारे पाझरतच राहतील.

इथल्या खाणी तेव्हा चालवणाऱ्या टेक कंपनीच्या एका उपकंपनीला मार्च २०२१ मध्ये ६ कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड झाला. मत्स्यसंरक्षण कायद्याखाली कॅनडात तोवर झालेला हा सर्वांत मोठा दंड. पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रांवर कंपनीने एक अब्जाहून अधिक डॉलर खर्च केले. तरीही सेलेनियम कूकानुसा जलाशयात पोचतेच, आणि तो जलाशय दोन्ही देशांत पसरलेला आहे. तिथल्या माशांसाठी मोंटानाने लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली.

फ्लॅटहेडची गोष्ट वेगळी घडली, कारण तिथले लोक खाणीच्या आधी जागे झाले. १९८०च्या दशकात कॅबिन क्रीक या ओढ्याकाठी मोठी खाण होणार होती. फ्लॅटहेड सरोवरातले बुल ट्राउट मासे प्रवाहाविरुद्ध पोहत याच वरच्या ओढ्यांत अंडी घालायला येतात. मोंटानातून विरोध झाला. एका देशाने दुसऱ्याच्या हद्दीत जाणारे पाणी नासवू नये, हे १९०९च्या सीमाजल करारात लिहिलेलेच होते. त्याच्या आधारे दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने चौकशी केली आणि १९८८ मध्ये सांगितले, की या खाणीला परवानगी देऊ नये.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. पुढच्या वीस वर्षांत नव्या खाणीचा प्रस्ताव आला, कोळशाच्या थरांतला मिथेन वायू काढण्याचे बेत झाले. नदीलगतच्या वॉटरटन-ग्लेशियर या जागतिक वारसास्थळाची चिंता युनेस्कोपर्यंत पोचली. अखेर फेब्रुवारी २०१०मध्ये, व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक चालू असताना, ब्रिटिश कोलंबिया आणि मोंटाना यांनी करार केला: फ्लॅटहेडच्या खोऱ्यात खाण नाही, तेल नाही, वायू नाही. ब्रिटिश कोलंबियाने २०११मध्ये त्याचा कायदा केला. अमेरिकी काँग्रेसने २०१४मध्ये आपल्या बाजूची सुमारे ४ लाख ३० हजार एकर सरकारी जमीन नव्या खाणपट्ट्यांसाठी बंद केली. कंपन्यांनी आधीच केलेल्या खर्चाची भरपाई झाली, तिचे पैसे निसर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थांनी उभे केले. तो खर्च एल्कच्या शुद्धीकरणापुढे किरकोळ होता.

यात सगळ्यांत जास्त वाट पाहावी लागली ती कुटुनाहा या मूळ रहिवाशांना. दोन्ही खोरी त्यांच्या पूर्वजांच्या भूमीत येतात. एल्कचे प्रदूषण संयुक्त आयोगाकडे सोपवा, ही त्यांची मागणी अनेक वर्षे पडून होती. ती मार्च २०२४मध्ये मान्य झाली आणि चौकशीत कुटुनाहा राष्ट्रालाही भागीदार म्हणून स्थान मिळाले. फ्लॅटहेडचेही काम अर्धेच आहे. तिच्या कॅनडातल्या खोऱ्यात खाणीला बंदी असली तरी लाकूडतोड चालू शकते, आणि वॉटरटन राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला तिचा भाग त्या उद्यानात घ्यावा ही जुनी मागणी अजून पुरी झालेली नाही.