अडकणारे बटण आणि कारागिराची पत

डोंबिवली आणि मोटारगाडी यांचे नाते जुने आहे. प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा एक कारखाना कुर्ल्याला होता, तर दुसरा डोंबिवलीजवळ. १९९४ नंतरची दोन-तीन वर्षे या दुसऱ्या कारखान्यातून ‘प्युजो ३०९’ ही गाडी बाहेर पडत असे. पुढे भागीदारी मोडली आणि काही वर्षांत पद्मिनीही बनायची थांबली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सीही उरली नाही. असे असले तरी हौशी मालकांनी पद्मिनी, ११८ एनई अशा गाड्या जपून ठेवल्या आहेत. त्यांची कामे ठाणे, मुंब्रा, कल्याण आणि भिवंडीच्या लहान गॅरेजांत येतात, आणि ही गॅरेजे चालवणारे कित्येकजण आपलेच बांधव आहेत.

अशा गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला असतो आणि नवा मिळत नाही. मग कारागीर प्लायवूड किंवा फायबरचा डॅशबोर्ड घडवतो, त्याला रेक्झीन चढवतो आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेली दाबायची बटणे त्यात बसवतो. काम देखणे होते आणि ग्राहक खूश होऊन जातो. आठ दिवसांनी तोच ग्राहक कपाळाला आठ्या घालून परत येतो, कारण दाबलेले बटण वर येत नाही. हे परत आलेले काम फुकट करून द्यावे लागते, नफा त्यात जातो आणि नावालाही बट्टा लागतो. म्हणून या लहानशा दोषाकडे कारागीर बंधूंचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोष बटणात की भोकात?

बटण अडकले की हात लगेच तेलाच्या पिचकारीकडे जातो. तेलाने चार दिवस बरे वाटते. पुढे त्याच तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि बटण पहिल्यापेक्षा घट्ट अडकते. त्यामुळे आधी दोष कुठे आहे ते शोधावे. बॅटरीची ऋण तार सोडवावी, बटण डॅशबोर्डमधून बाहेर काढावे आणि हातात धरून वीस वेळा दाबून पाहावे. हातात ते मोकळे चालत असेल तर बटण निर्दोष आहे आणि खोट आपल्याच भोकात आहे. आम्ही जी कामे पाहिली, त्यांत बहुतेक वेळा हेच आढळले.

याचे कारण सरळ आहे. हे बटण मूळ गाडीत पातळ पट्टीत बसण्यासाठी बनलेले असते, आणि आपण ते जाड प्लायवूडमध्ये ठोकून बसवतो. त्यात रेक्झीनची दुमडलेली कड भोकात शिरते, रंगाचा थर चढतो आणि बटणाचे घर चारी बाजूंनी आवळले जाते. यावर उपाय असा की मागील बाजूने लाकूड कोरून भोकाभोवतीची जाडी कमी करावी. रेक्झीनची कड भोकात न दुमडता आधीच कापून चिकटवावी. बटणाच्या घराभोवती पाव ते अर्धा मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. डॅशबोर्डचे स्क्रू एका बाजूने गच्च आवळत न जाता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, म्हणजे पट्टीला पीळ पडत नाही. काम झाल्यावर गाडी तासभर उन्हात उभी करून बटणे पुन्हा दाबून पाहावीत. सकाळी सुरळीत चालणारे बटण दुपारी प्लास्टिक फुगल्यावर अडकते. हे आपल्या गॅरेजमध्येच कळलेले बरे.

बटणच खराब असेल तर

हातातही बटण अडकत असेल तर ते पांढऱ्या कापडावर सावकाश उघडावे, नाहीतर आतली स्प्रिंग उडून हरवते. एकदा दाबले की आत राहणारे आणि पुन्हा दाबले की बाहेर येणारे जे बटण असते, त्यात तारेची एक बारीक पिन बदामाच्या आकाराच्या खाचेतून फिरते. पिन वाकली असेल, स्प्रिंग दमली असेल किंवा खाच झिजली असेल, तर ते बटण टाकून द्यावे. नुसता मळ असेल तर मात्र ते वाचते. प्लास्टिकचे भाग कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, त्याने प्लास्टिक विरघळते किंवा तडकते. तांब्या-पितळेचे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पॉलिश पेपरने घासल्यास त्यांवरचा मुलामा निघून जातो. शेवटी सरकणाऱ्या कडांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी बारीक हात द्यावा आणि पॉइंट कोरडे ठेवावेत.

भंगारातून बटण घेतानाच पारखून घ्यावे. आत मातीची रेघ किंवा हिरवा गंज दिसला तर ती गाडी पाण्यात बुडालेली असण्याचा संभव आहे. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण परिसरात काय केले, हे आपणांस सांगायला नको. असे बटण फुकट मिळाले तरी महागच पडते.

वीज बटणातून नेऊ नका

अडकणारे बटण काही वेळा आतून जळलेले असते. ५५ वॅटच्या दोन दिव्यांना बारा व्होल्टवर नऊ अँपिअरपेक्षा जास्त वीज लागते. एवढा भार जुन्या लहान बटणावर टाकला तर पॉइंट तापतात, प्लास्टिक मऊ पडते आणि बटण आतच चिकटून बसते. दिवे आणि हॉर्न यांच्यासाठी रिले लावावा. मग बटणाला पाव अँपिअरहूनही कमी वीज पुरते. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, आणि ८५ व ८६ ला बटणाचे सर्किट जोडावे. रिलेचा खर्च किरकोळ आहे, आणि भर पावसात मुंब्रा बायपासवर दिवे गेले तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्यानेच करावा.

नव्या गाड्यांबाबत एक इशारा देणे आम्ही आवश्यक समजतो. एअरबॅग असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमधील पिवळ्या जोडांना हात लावू नये. तसेच मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

खरे सांगण्यातच बरकत

बटण जुने आहे हे ग्राहकाला आधीच सांगावे, बिलावर तसे लिहून द्यावे आणि किती दिवसांची हमी हेही नमूद करावे. काचेचा वायपर, दिवे, हॉर्न आणि धोक्याचा इशारा देणारे दिवे यांच्या बटणांबाबत जरा जरी शंका असेल, तरी नवे बटण घ्यायला सांगावे. मालाचा ऐब लपवून मिळवलेला पैसा परत आलेल्या कामातच जातो. उलट ज्या कारागिराने स्वतःहून दोष दाखवला, त्याच्याकडे तोच ग्राहक आणखी दोघांना घेऊन येतो. आपल्या गॅरेजांची पाटी लहान असली, तरी तिच्यावरचा विश्वास मोठा व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.