एका मिनिटाचा रविवार

पहाटे साडेचारला उठलो. यात्रेचा रविवार आणि आमच्या गावात खाली गाडा पळवण्याची शर्यत. खाली म्हणजे रिकामा. बैलजोडी जुंपायची, शिट्टी झाली की सोडायची आणि बरोबर एका मिनिटात गाडा जिथवर जाईल तिथवरचे फूट-इंच मोजायचे. ज्याचे फूट जास्त, त्याचा नंबर. गेली कित्येक वर्षं टेप माझ्याकडे आहे.

पाच वाजता शिवारात पोचलो. भात निघालं, मागून केलेला हरभराही निघाला, रान मोकळं झालेलं. राजहंसगड अजून अंधारातच होता. मी चपला काढून अख्खी पट्टी अनवाणी चालतो. ढेकूळ, भेग, भाताचं राहिलेलं धसकट डोळ्याला दिसत नाही, तळव्याला लागतं. भरधाव बैलाचा खूर भेगेत गेला तर पाय मोडतो, आणि पाय मोडलेला बैल पुन्हा नांगराला उभा राहत नाही. डाव्या अंगाला एक भेग सापडली. पोरांनी माती भरली, मी वर उभा राहून दाबली.

सहाला गाडा. आमच्याकडे सगळ्या जोड्यांना कमिटीचा एकच गाडा, म्हणजे वजनाचा वाद नाही. एका बाजूला ओंडका देऊन चाक उचललं, काढलं, आसावरचं जुनं काळं वंगण पुसून नवीन भरलं. पुतण्या मदतीला होता. त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड. अमेरिकेत लंबगोल पट्टीवर स्टॉक कार पळतात, त्याची माहिती तोच देतो. सुरुवातीला स्टॉक म्हणजे दुकानातून घेतली तशी, रोजच्या वापरातली गाडी असायची. १९ जून १९४९ ला शार्लट शहरात पाऊण मैलाच्या मातीच्या पट्टीवर या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेची अशी पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. पण तपासणीत मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला आणि नंबर जिम रोपरला गेला. मला हे फार पटलं. शर्यत रोजच्या गाडीची म्हटली तर गाडी रोजचीच पाहिजे. आमच्या बैलांचंही तेच. आज पळणारी जोडी आठवडाभर रानात राबलेली असते.

आठपासून टेम्पो येऊ लागले. खानापूरकडचे, चंदगडचे, निपाणीचे, धारवाडकडचेही. फळी लावून बैल सावकाश उतरवले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय, डोळे, श्वास बघितला. एक जोडी लंगडते म्हणून परत पाठवली. मालक काही बोलला नाही, बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत घेतलेला एक खिल्लार आला होता, पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली.

“दादा, पट्टी कशी हाय?” त्याच्या मालकानं विचारलं.

“डाव्या अंगाला माती भरल्या. जरा उजवीकडनं काढा, मामा.”

मग मी प्रत्येक हाकणाऱ्याचे हात बघितले. आर लावलेली पराणी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, चालत नाही, शेपूट पिरगळायचं नाही. हे काम कुणाला आवडत नाही, मला आवडतं.

दहाला पहिली शिट्टी. ते मिनिट कितीही वेळा बघितलं तरी छातीत धडधडतं. जू मानेवर बसलं की बैल कान मागे टाकतात. गाडा सुटतो तेव्हा आवाज आधी चाकांचा येतो, मग घुंगरांचा, मग माणसांचा. चाळीसाव्या सेकंदाला कळतं की जोडी एकजीव आहे की नाही. एक बैल मागे राहिला की गाडा तिरका जातो आणि फूट वाया जातात. दुसरी शिट्टी झाली की मी पळतो, त्या क्षणी चाकाची धाव जिथं टेकली होती तिथं खुंटी मारतो आणि टेप ताणतो. मिनिटात ४०० मीटर गेलेली जोडी ताशी २४ किलोमीटरनं पळालेली असते. माईकवर फूट-इंच मराठीत आणि कानडीत सांगतात.

दुपारी एक ते साडेतीन शर्यत बंद. उन्हात जनावर पळवायचं नाही. झाडाखाली जेवताना २०१४ चा विषय निघालाच. ७ मेला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. त्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या दोन गोठ्यांत जोडीच्या जागी ट्रॅक्टर आला. पुढं २०१७ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तामिळनाडू आणि महाराष्ट्राच्या कायद्यांबरोबर तोही उचलून धरला. बंदीनं आमचं नुकसान झालं, हे खरं. पण बंदी यायला पराण्या कारण झाल्या, हेही खरं, आणि त्या पराण्या आमच्यातल्याच लोकांच्या हातात होत्या.

पाचला शेवटच्या दोन जोड्यांत तीन इंचांचा फरक निघाला. गलका झाला. पुतण्या म्हणाला, १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० या मोटारींच्या शर्यतीत कोण जिंकलं हे ठरवायला फोटो आणि फिल्म बघत तीन दिवस गेले, मग ली पेटीला नंबर मिळाला. आम्ही दोन्ही मालकांना टेपची दोन टोकं धरायला दिली आणि परत मोजलं. तीन इंचच.

साडेसातला मैदान रिकामं. जिंकलेली जोडी गरम पाण्यानं शेकून घेत उभी होती. उद्या सकाळी ती औताला जाणार आहे.

पुढच्या यात्रेला या. कुणाच्या हातात पराणी दिसली तर गप्प बसू नका. टेपवाल्याला येऊन सांगा, ती जोडी त्या दिवशी पळणार नाही.