शंकुसाखळी व शेताची हद्द

आपलें शेत किती, असा प्रश्न कोणत्याही खातेदारास केला तर तो एकर-गुंठ्यांत तत्काळ उत्तर देतो. परंतु तें शेत नेमकें कोठून कोठपर्यंत, असें विचारतां तो बांधाकडे बोट दाखवितो. आणि बांध तर नांगराच्या फाळाबरोबर दरवर्षीं थोडाथोडा सरकत असतो. महसूल खात्यांत कारकुनीचीं बरींच वर्षें काढल्यावर प्रस्तुत लेखकाची अशी खात्री झाली आहे कीं, बांधाचे बहुतेक तंटे ‘किती’ आणि ‘कोठें’ ह्या दोन प्रश्नांची गल्लत केल्यानें उपस्थित होतात. म्हणून आपलीं मापें कशीं आलीं व त्यांचा उपयोग कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

नदीकांठच्या लोकांस जमीन मोजण्याची गरज फार प्राचीन काळापासून भासली. मिसर देशांत नाईल नदीच्या पुरानें बांध पुसले जात, तेव्हां दोरी ताणून ते पुन्हां आंखून देणारे लोक असत. आपल्याकडे काठी होती. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींतील काठीचें माप सभासदाच्या बखरींत नमूद आहे. काठी पांच हात पांच मुठींची, तिची लांबी ८२ तसू. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. आणि १२० बिघ्यांचा एक चावर. बिघ्याच्या विसाव्या हिश्शास पांड म्हणत. हात व मूठ माणसागणिक लहानमोठी असते. सबब काठीची लांबी तसूंत ठरवून देण्यांत मोठा शहाणपणा होता.

इकडे हा हिशेब चालू होण्यापूर्वीं इंग्लंडांत एडमंड गंटर नांवाच्या गणितज्ञानें १६२० च्या सुमारास ६६ फूट लांबीची व १०० कड्यांची साखळी प्रचारांत आणली होती. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. क्रिकेटच्या खेळांत दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्यें जें २२ यार्डांचें अंतर असतें, तें बरोबर ह्या एका साखळीइतकें आहे.

मुंबई इलाख्यांतील मोजणीस ह्याच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी घेतली गेली. हीच आपली शंकुसाखळी. तिचे सोळा भाग करून प्रत्येकास आणा म्हणत. हा आणा २ फूट पाऊण इंच लांबीचा होय. एक साखळी लांब व एक साखळी रुंद इतकी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात् १,०८९ चौरस फूट. आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यास ठाऊक, त्यास साखळीचे सोळा आणे निराळे शिकवावे लागत नसत. १९५७ सालीं दशमान नाणीं सुरू झालीं व बाजारांतील आणा गेला. परंतु जुन्या टिपणांत तो अद्याप जिवंत आहे.

माप अचूक असलें तरी त्यावर बसविलेला आकार न्याय्य असावा लागतो. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबानें १८२७ च्या पुढें जी मोजणी केली, तींत निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे असें तत्त्व होतें. उत्पन्नाचे अंदाज चुकले, हाताखालच्या लोकांनीं खोटे आंकडे भरले, आणि आकार न झेपल्यामुळें कित्येक शेतें पडीक पडलीं. तेव्हां १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं नव्यानें काम आरंभिलें. जमिनीची प्रत पाहून आकार ठरवावा व तो तीस वर्षें कायम ठेवावा, अशी त्यांची रीति. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झाल्यानंतर हीच रीति आपल्या कृष्णाकांठींही आली.

ह्या मोजणीनें शेतास सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले व नंबराचें टिपण तयार झालें. टिपण करितांना शेताच्या आरपार एक सरळ रेषा धरीत व तिजपासून प्रत्येक कोपऱ्याचें अंतर काटकोनांत मोजून साखळ्या-आण्यांत लिहून ठेवीत. त्या आंकड्यांचे गुणाकार करून क्षेत्र काढीत. ह्याचा मोठा फायदा असा कीं, एखादा दगड उपटला गेला तरी बाकीच्या खुणा धरून टिपणाच्या आधारें त्याची जागा पुन्हां काढतां येते.

आतां सातबाऱ्याकडे वळूं. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा. गांव नमुना ७ हा अधिकारांचा व १२ हा पिकांचा. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणता, हें सातबारा सांगतो. हद्द कोठें आहे, हें मात्र टिपण व नकाशा सांगतात. समजा, दोघां भावांनीं चार एकरांचा नंबर निम्मानिम वाटून घेतला. फेरफार मंजूर होऊन प्रत्येकाच्या नांवें दोन एकर लागले. परंतु पोटहिश्शाची मोजणी न करितां अंदाजानें मधोमध दगडांची ओळ मांडली. दोघे भाऊ हयात आहेत तोंवर हें चालतें. पुढें नातवंडांत विहीर कोणाच्या बाजूस, हा प्रश्न निघाला म्हणजे सातबारा मुका राहतो व वकिलाची फी सुरू होते.

ह्यांत नुकसान किती होतें, तें पाहा. बांध दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांब आहे. शेजाऱ्यानें दरसाल केवळ तीन इंच बांध कोरला, तर वर्षास सुमारें साडेब्याऐंशी चौरस फूट जागा जाते, आणि तेरा-चौदा वर्षांत पुरा एक गुंठा जातो. मालकी हक्कावरून ताबा परत मागण्याच्या दाव्यास साधारणतः १२ वर्षांची मुदत असते, हेंही ध्यानांत ठेवावें. वाईच्या आसपास ऊस-हळदीचीं बागायत शेतें वाटण्या होऊन आधींच लहान झालीं आहेत; तेथें गुंठा ही हलकी वस्तु नव्हे.

दुसरी चूक खरेदीच्या वेळीं होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत असतें व बोली एकर-गुंठ्यांत चालते. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा मात्र १०१.१७ चौरस मीटरांचा. एकराचे ४० आर धरून जो व्यवहार करितो, त्यास दर एकरीं सुमारें ५०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, जमीन कमी मिळते.

करितां शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी अवश्य कराव्या:

१. भूमि अभिलेख कार्यालयांतून आपल्या नंबराच्या नकाशाची व टिपणाची नक्कल घेऊन सातबाऱ्याबरोबर जपून ठेवावी.

२. वाटणी होतांच पोटहिश्शाची सरकारी मोजणी करून घ्यावी.

३. खरेदी करावयाची असल्यास आधीं मोजणी करावी, मग इसार द्यावा.

४. हद्दीचे दगड शाबूत राखणें हें खातेदाराचें कर्तव्य आहे व ते हलविणें गुन्हा आहे, हें गड्यांसही सांगून ठेवावें.

साखळी मागें पडली, फलकयंत्र आलें, आणि आतां उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारीं यंत्रें मोजणीस येतात. परंतु त्या यंत्रानें दाखविलेली रेषाही जुन्या टिपणाशीं व दगडाशीं ताडून पाहावी लागते. ह्यासाठीं उन्हाळ्यांत नांगरट सुरू होण्यापूर्वीं एक सकाळ काढावी, शेजाऱ्यास बरोबर घ्यावें, आणि दोघांनीं मिळून नकाशाप्रमाणें दगड पाहून घ्यावे. त्या सकाळीं फार तर दोन घटका मोडतील. तंटा एकदां कोर्टांत गेला म्हणजे वर्षें मोडतात.