मागच्या स्प्रॉकेटचे नट

मोटरसायकलचं चेन-स्प्रॉकेट बदलताना नवी चेन कौतुकाने बसते आणि नट मात्र जुनेच परत लागतात. हे चुकतं. इंजिनाची सगळी ओढ मागच्या चाकापर्यंत पोचते ती मागचं स्प्रॉकेट हबला जोडणाऱ्या चार-सहा बोल्टांच्या भरवशावर. तरी बहुतेक गाड्यांत बोल्टांनी ती ओढ थेट आडवी झेलायची नसते. नट आवळला की बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, स्प्रॉकेटला हबवर दाबून धरतो आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण ओढ पेलतं. नट सैल पडला की स्प्रॉकेट सूतभर सरकू लागतं आणि बोल्ट कापला जातो.

म्हणून हबची बैठक आधी तारेच्या ब्रशने स्वच्छ करा; गंजाचा पापुद्रा मागाहून दबला की ताण उतरतो. आवळण्याच्या जोरापैकी जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. तेलाने हे घर्षण घटतं, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून गाठलात, तर बोल्ट जादा ताणला जातो, प्रसंगी तुटतो. मॅन्युअल पाहा, टॉर्क पाना वापरा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. नायलॉनची कडी असलेला नट आणि दुमडलेलं लॉक वॉशर काढलं की नवंच घाला. थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघाच.