मिनीव्हॅनच्या मागचं घर

अमेरिकेत १९४७ सालचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकल मारतोय आणि त्याच्या मागे एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर निघालाय. माणसाने आत झोपावं, स्वयंपाक करावा, एवढा मोठा. कंपनीने पुढे या दृश्यालाच आपलं बोधचिन्ह केलं. ती जाहिरात होती, पण बनवाबनवी नव्हती. सपाट रस्ता आणि चांगली चाकं असली की जड वस्तू हलवायला फारसं बळ लागत नाही.

पासष्ट वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये असाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. निवृत्त झालेलं 'एंडेव्हर' हे अंतराळयान संग्रहालयाकडे निघालं होतं. वाटेतल्या फ्रीवेवरच्या पुलावरून ते टोयोटाच्या टुंड्रा पिकअपने ओढून नेलं. यान आणि त्याखालचा गाडा मिळून वजन सुमारे १३० टन, आणि या पिकअपची अधिकृत ओढक्षमता पाच टनांच्याही आत.

तेव्हा 'आपली गाडी ट्रेलर ओढेल का?' हा प्रश्नच चुकीचा. ओढेल, कुठलीही ओढेल. उतारावर मागचं वजन ढकलायला लागलं तर गाडी थांबेल का, शेजारून अठरा चाकांचा ट्रक सुसाट गेला तर सरळ राहील का आणि मागच्या स्प्रिंगा टेकल्या तर पुढच्या चाकांची पकड उरेल का, हे खरं विचारायला हवं. पिकअपवाले हे विचारत नाहीत, कारण त्यांच्याकडे बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त गाडी असते. मिनीव्हॅनवाल्यांना विचारावंच लागतं.

मिनीव्हॅन म्हणजे आपल्या इनोव्हापेक्षा मोठी, जमिनीला धरून चालणारी, सरकत्या दारांची सात-आठ जणांची गाडी. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस ती बाजारात आणली आणि एका मॉडेलचं नाव ठेवलं डॉज कॅरॅव्हॅन. तांड्याचं नाव मिरवणाऱ्या या गाडीमागे लोक लवकरच खरोखरचे कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याचे ट्रेलर, जोडू लागले. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही गाडी नवी नाही. दोन मुलं झाली, भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येऊ लागले, की दारात टोयोटाची सिएना नाहीतर होंडाची ओडिसी उभी राहते. मग कुणीतरी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पिंगचे फोटो दाखवतं आणि मागे एखादा छोटासा ट्रेलर लावला तर काय हरकत आहे, असं वाटायला लागतं.

हरकत नाही, पण आधी आकडे बघावे लागतात. टोयोटा सिएना, होंडा ओडिसी आणि किया कार्निव्हल या तिन्ही गाड्यांची अमेरिकेतली कमाल ओढक्षमता ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो. क्रायस्लर पॅसिफिकाची पेट्रोल आवृत्ती ३,६०० पौंडांपर्यंत जाते. तिच्याच प्लग-इन हायब्रिड भावंडाला मात्र काहीही जोडू नका, असं कंपनी सांगते. शोरूममधला माणूस ओढक्षमतेचा आकडा झोकात सांगतो. तो आकडा कसा ठरतो, हे सांगायला तो थांबत नाही. ओढक्षमता मोजण्याचं जे-२८०७ नावाचं मानक आहे. त्यातल्या एका चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढायचा असतो. चाचणी कडक आहे, पण तिच्यात गाडीत माणसं धरलेली असतात दोनच, प्रत्येकी १५० पौंडांची. सहा माणसं, दोन सायकली आणि इडलीचं पीठ भरलेला कूलर यांचा त्यात हिशोब नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत तर माणसं वाढतील तशी ओढक्षमता घटवून दाखवणारा तक्ताच छापलेला असतो.

खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. दार उघडलं की टायरच्या हवेचा दाब सांगणारा छोटा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन भरावं, तेही त्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे ५९० किलो आहे. आई-वडील मिळून १५० किलो, दोन वाढती मुलं ११०, आजी-आजोबा १३०: झाले ३९०. बॅगा, कूलर, खुर्च्या ८० किलो. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीखाली बसवलेली लोखंडी हिच २० किलो. आता ट्रेलर. १,४०० किलोंचा घेतला तर तो १,५९० च्या मर्यादेत आरामात बसतो. पण त्याच्या वजनाचा साधारण आठवा भाग पुढच्या दांड्यातून गाडीच्या मागच्या टोकावर टेकलेला असतो आणि हे वजन गाडीतल्या सामानातच धरायचं. १२ टक्के धरले तर इथे ते १६८ किलो भरतं. बेरीज ६५८. मर्यादेपेक्षा ६८ किलो जास्त. ओढक्षमतेत पास, भारात नापास. या हिशोबाने आजोबांना घरी बसावं लागेल.

ट्रेलरचं माहितीपत्रकातलं वजनही फसवं असतं. ते कोरडं वजन: टाकीत पाणी नाही, सिलिंडरमध्ये गॅस नाही, फडताळात भांडी नाहीत. ११० लिटरची टाकी भरली की ११० किलो तिथेच वाढले. भरलेले दोन छोटे सिलिंडर प्रत्येकी सुमारे १७ किलोंचे. वर बॅटरी, गाद्या, अंथरुणं. प्रवासाला निघालेला ट्रेलर कोरड्या आकड्यापेक्षा दोन-तीनशे किलोंनी सहज जड भरतो.

आठवा भाग कशासाठी, हे बैलगाडी भरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की ती धुरजड होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. चांगला गाडीवान पोती पुढेमागे सरकवून जू मानेवर जरासं टेकेल, एवढंच ठेवतो. हे 'जरासं' अमेरिकी ट्रेलरवाल्यांनी टक्क्यांत बांधलंय: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के.

बैलगाडी उलाळ झाली तर फार तर बैल थांबतो. ताशी शंभर किलोमीटरने धावणारा ट्रेलर उलाळ असेल तर तो डोलायला लागतो. हे दाखवणारं एक साधं प्रात्यक्षिक आहे. चालत्या ट्रेडमिलवर खेळण्यातली मोटार आणि तिच्यामागे छोटा ट्रेलर ठेवतात. वजनं पुढे असताना ट्रेलरला बोटाने टिचकी मारली तर तो दोनदा हलतो आणि सरळ होतो. तीच वजनं मागच्या टोकाला नेऊन टिचकी मारली की पहिला झोका लहान, दुसरा मोठा, तिसरा त्याहून मोठा, आणि मोटारीसकट सगळं उलटं. वजन तेवढंच, वेगही तोच, बदलली फक्त जागा. सायकली मागच्या बंपरवर टांगणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

ट्रेलर डोलायला लागला की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवतात. दोन्ही चूक. गाडीचे ब्रेक लागले की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि आणखी वाकडा होतो. स्टिअरिंगची दुरुस्ती तर नेहमी अर्धा झोका उशिरा पोचते. करायचं असं: ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. त्यासाठी डॅशबोर्डखाली बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरला एक छोटी पट्टी असते. ती दाबली की मागचा ट्रेलर मागे खेचतो, दोर ताणल्यासारखी सगळी वरात सरळ होते. असा कंट्रोलर बहुतेक मिनीव्हॅनमध्ये कारखान्यातून येत नाही, वेगळा बसवून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासूनच्या कॅम्पिंग ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. काही राज्यांत ही रेषा ३,००० पौंडांवर आहे. कायदा काहीही म्हणो, मिनीव्हॅनच्या मागे बिनब्रेकचं घर नेणं हा शहाणपणा नव्हे.

मिनीव्हॅनची आणखी एक अडचण तिच्या रचनेत आहे. बहुतेक मिनीव्हॅन पुढच्या चाकांवर चालतात. ओढणारी तीच आणि वळणारीही तीच. ट्रेलरचा भार मात्र मागच्या ॲक्सलच्याही मागे, साधारण १.२ मीटरवर पडतो. दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर धरलं तर सी-सॉसारखं होतं: दांड्यावरच्या, समजा, १३५ किलोंमुळे मागच्या चाकांवर सुमारे १८९ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ५४ किलो कमी होतात. कॅम्पिंगच्या जागेवरून ओल्या गवताचा चढ चढताना पुढची चाकं गुरगुरत जागच्या जागी फिरतात, ती म्हणूनच. पण तीन मीटरचं हेच लांब अंतर आणि गाडीची बसकी ठेवण डोलण्याविरुद्ध कामी येतात. उंच, आखूड एसयूव्हीपेक्षा मिनीव्हॅन ट्रेलरला पुष्कळदा जास्त शांतपणे नेते. रुबाब कमी म्हणून तिला हे श्रेय मिळत नाही.

युरोपात या सगळ्याचं गणित वेगळं मांडतात. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनचा पुढचा भार पाच ते सात टक्केच ठेवायला सांगतात आणि नवशिक्याने गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅरॅव्हॅन जोडू नये, असा सल्ला असतो. एवढा कमी भार चालतो, कारण वेगही कमी: जर्मनीत ट्रेलरसह मर्यादा ताशी ८० किलोमीटर, गाडी आणि कॅरॅव्हॅन तपासणीत उतरले तर १०० चा स्टिकर मिळतो. लहानशा गाडीमागे भलं मोठं घर युरोपात दिसतं, त्यामागे हे आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलरला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर. तिथल्या महामार्गावर ती किती पाळली जाते, हे पाहणाऱ्याला कळतं. ५५ वरून ६५ वर गेलं की गतिज ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी वाढते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकनाच गिळावी लागते.

मिनीव्हॅनला शोभेल असं घर मुळात कॅनडात तयार झालं. विनिपेगच्या रे ओलेको याने आधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. तीच कल्पना वापरून १९६८ मध्ये त्याने १३ फुटी ट्रेलर काढला: फायबरग्लासच्या दोन वाट्या, अंड्याच्या कवचासारख्या मधोमध जोडलेल्या. आत लाकडी सांगाडा नाही, छताला सांधे नाहीत, त्यामुळे गळती कमी आणि वजनही कमी. आकार बोलर टोपीसारखा, म्हणून नाव बोलर. सेप्टिक टाकीचा इतका सुंदर वंशज दुसरा नसेल. त्याच जातीचा स्कॅम्प मिनेसोटातल्या बॅकस गावात सत्तरच्या दशकापासून बनतोय. १३ फुटी स्कॅम्प साधारण ५५० ते ७०० किलोंचा. त्याचा दांडा मिनीव्हॅनवर ७०-८० किलो टाकतो, आणि वरच्या हिशोबातले आजोबा आता बसू शकतात. रात्री मात्र त्यांना ट्रेलरमध्ये जागा नाही. आत जेमतेम चौघं मावतात, तीही एकमेकांवर प्रेम असेल तर.

सकाळी निघताना जोडणी कशी होते, ते पाहण्यासारखं असतं. घरातलं एक जण मागे उभं राहून हाताने दिशा दाखवतं, दुसरं इंचाइंचाने गाडी मागे घेतं. संसाराची परीक्षा इथेच होते. हिचवरचा ग्रीस लावलेला लोखंडी गोळा ट्रेलरच्या तोंडाखाली आला की दांड्याचा जॅक फिरवत तोंड खाली उतरवायचं. खट्ट आवाज आला की खटका लावून पिन घालायची. मग जाणता माणूस तोच जॅक पुन्हा वर फिरवतो: गाडीची मागची बाजू ट्रेलरबरोबर उचलली गेली तरच गोळा पकडला गेला, नुसता टेकला नाही. दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. सात पिनांचा प्लग लावायचा. शेवटी एक बारीक तार. ट्रेलर पूर्ण सुटलाच तर ती खेचली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. चाकाखालची ओंडकी काढायची राहिली, की पहिल्या पाच फुटांतच कळतं.

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या डुलत जाताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

अमेरिकेत मिनीव्हॅनमागे ट्रेलर लावायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडायला बहुतेक भाडे कंपन्यांच्या करारात मनाई असते. आणि स्वतःची गाडी असेल तर पहिल्या सहलीआधी सगळं सामान आणि सगळी माणसं भरून महामार्गावरच्या एखाद्या ट्रक स्टॉपवर जा. तिथे ट्रकांसाठी वजनकाटा असतो, तो तुम्हालाही वापरता येतो. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापलेली चिठ्ठी मिळते. ती दाराच्या चौकटीवरच्या आकड्यांशी ताडून बघा. वजन मर्यादेबाहेर गेलं असेल तर आधी पाण्याची टाकी रिकामी करा. पाणी कॅम्पवरही मिळतं.