कोरियातील तोफा का थांबल्या?

कोरियाचे युद्ध महासत्तांनी लादले आणि कोरियन माणसे त्यात नुसती भरडली गेली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. देश बळाने एक करण्याची घाई उत्तरेच्या किम इल-सुंग यांनाच होती. 1949 मध्ये स्टॅलिनने त्यांना रोखले. 1950 उजाडेपर्यंत चीनमध्ये माओ सत्तेवर आले होते, रशियाकडे अणुबॉम्ब होता आणि अमेरिकी फौज दक्षिणेतून परतली होती. अमेरिका मध्ये पडणार नाही, असे धरून स्टॅलिनने होकार दिला. 25 जून 1950 रोजी हल्ला झाला आणि काही दिवसांतच अमेरिका युद्धात उतरल्याने तो हिशेब चुकला.

दुसरा समज असा, की लढाई जमिनीसाठी लांबली. प्रत्यक्षात 1951 च्या उन्हाळ्यात आघाडी 38 अंश अक्षवृत्ताच्या आसपास स्थिरावली होती. 10 जुलैला बोलणीही सुरू झाली. मग आणखी दोन वर्षे माणसे का मेली? मुख्यतः कैद्यांच्या प्रश्नावरून. उत्तरेच्या बाजूने लढलेले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीने पाठवणार नाही, यावर अमेरिका अडली. सर्वांना परत द्या, यावर चीन अडला. मार्च 1953 मध्ये स्टॅलिन वारला. त्याच्या वारसांना युद्ध नको होते आणि बोलणी झपाट्याने पुढे सरकली. 27 जुलैला पानमुंजोममध्ये सह्या झाल्या. दक्षिण कोरियाने मात्र सही केलीच नाही.

सह्या झाल्या की शांतता आली, हा तर सर्वांत मोठा गैरसमज. परत न जाणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायचे कोणी? हे काम भारताने पत्करले. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, तर भारतीय तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीयांना पाऊल ठेवू दिले नाही. जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत डांबले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्यांना सोडवून आणले. हे धैर्य महाराष्ट्राने अधिक लक्षात ठेवायला हवे.

पुढची शांतता टिकली ती चार किलोमीटर रुंदीच्या त्या पट्ट्यामुळे आणि ऑक्टोबर 1953 च्या अमेरिका–दक्षिण कोरिया संरक्षण करारामुळे; पुन्हा हल्ला केल्यास काय होईल, याबद्दल आता संदिग्धता उरली नव्हती. 1954 च्या जिनिव्हा परिषदेत कायम तोडगा निघाला नाही. शांतता करार आजही झालेला नाही.