नागपूरलाच न्यावं लागतं का?

चंद्रपूर-गडचिरोलीत एक समज फार घट्ट आहे: मनाच्या आजारावर उपचार म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय, आणि तिथं गेलेला माणूस परत येत नाही. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे. मजुरी बुडवून, पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर ओसरायची वाट बघत एवढा प्रवास कोण करणार? मग दुखणं घरातच राहतं.

वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ सांगतं, की रुग्णाला लांब जावं लागू नये; ही सेवा घराजवळ, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मिळावी. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं द्यायचा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला याहून मोलाची तरतूद नाही, पण ती गावात कुणी सांगितलेलीच नाही. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ग्रामसभेच्या जोरावर वनहक्क मिळवून स्वतःचा बांबू विकला. जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी उपचाराचा हा हक्कही ठरावात आणावा, असं मला मनापासून वाटतं.

भरतीही कायमची नसते. नातेवाइकांच्या अर्जावरून होणारी भरती आधी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी लागते.

‘बांधून ठेवलं नाही तर अंगावर येईल’ हा दुसरा समज. रुग्णाला साखळदंड घालायला कलम ९५ नं बंदी आहे. भूत उतरवण्यासाठी बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मात्र भूत उतरवणाऱ्या पुजाऱ्याला शत्रू ठरवून काही साधणार नाही. घरचे आधी त्याच्याकडेच जातात. ‘दवाखान्यातही दाखव’ हे त्याच्या तोंडून आलं, तर उपचार लवकर सुरू होतील.

सर्वांत घातक समज म्हणजे विष घेणाऱ्याला शिक्षा होते. या भीतीनं घरचे ‘चुकून पोटात गेलं’ म्हणतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलमही गेलं. तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा, कीटकनाशकाची बाटली सोबत न्या.

मन मोकळं करायला टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत आहे, रात्रीही चालतो. एटापल्लीच्या आतल्या, रेंज नसलेल्या गावांत मात्र माडिया बोलणारी आशाताईच हे दुखणं आधी ओळखू शकते. त्यासाठी तिला प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला धोरणातच मिळायला हवा.